रुस्तमचा मुलगा शहरियार

सेनापती कोणालाही एका नावावर सोडत नसत. मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, शाळेच्या उपाहारगृहात मराठी मंडळाचे हळदीकुंकू असो की गणपती, नवा माणूस दिसला की ते काठी टेकीत त्याच्यापुढे येत, चेहऱ्याऐवजी त्याच्या खांद्याच्या किंचित बाहेर कुठेतरी बघत आणि विचारीत, "नाव?" नाव सांगितले की, "वडिलांचं?" तेही सांगितले की, "त्यांच्या वडिलांचं?" पुण्याहून किंवा नागपूरहून नुकताच आलेला एखादा संगणकवाला इथपर्यंत हसत हसत येई. "आणि त्यांच्या?" या चौथ्या प्रश्नावर मात्र त्याच्या हातातली कागदी बशी थबके. "बस्स? तीन पिढ्यांत पेट्रोल संपलं?" असे म्हणून सेनापती त्याच्या बशीतला बटाटेवडा स्वतः उचलीत. तो दंड असे, आणि तो चुकवू शकलेला माणूस मी त्या गावात पाहिला नाही.

खांद्याबाहेर बघण्याचे कारण आम्हाला हळूहळू कळले. त्यांच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता. कडा तेवढ्या शाबूत होत्या. समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून त्यांना आधी त्याच्यावरून नजर काढून घ्यावी लागे. "ज्याला बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही, एवढं जमलं की सगळं दिसतं," असे ते सांगत. मला त्या वाक्यात कविता ऐकू येई. त्यांच्या लेखी ती यंत्र वापरण्याची सूचना होती.

त्यांचे खरे नाव रुस्तम. घराणे इराणी जरथुष्ट्री, तीन-चार पिढ्यांपूर्वी यझदहून आलेले. पण जन्म खामगावचा. वडील कापसाच्या जिनात फिटर होते. त्यामुळे सेनापतींच्या मराठीत अधूनमधून "काहून" आणि "बाप्पा" असे वऱ्हाडी खडे लागत, आणि ते लागले की मला उगीच उन्हाचा वास येई. तरुणपणी ते मिशिगनला आले आणि एका मोटार कारखान्यात बॉनेटचे साचे घासून गुळगुळीत करण्याच्या कामात त्यांनी पस्तीस वर्षे काढली. पत्नी वारली होती. एकुलती एक मुलगी शिरीन लग्न करून दूर अॅरिझोनात, चँडलरला राहत होती. 'सेनापती' ही पदवी मात्र त्यांनी स्वतःच ओढवून घेतली होती. कोजागिरीच्या कार्यक्रमात कोणीतरी त्यांना चार शब्द बोलायला उभे केले, तेव्हा ते पाऊण तास मध्ययुगीन इराणच्या एका राजवंशावर बोलले. त्या राजांना 'इस्पहबद' म्हणत, आणि त्याचा अर्थ सेनापती, एवढेच काय ते श्रोत्यांच्या लक्षात राहिले. दूध तोवर पार निवले होते.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती २००२च्या जानेवारीत. नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला माझा व्हिसा होता आणि त्यावर काम करण्याची मनाई होती. मराठी कवितेत एम. ए. केलेली मी दिवसभर खिडकीतून बर्फाचे प्रकार बघत बसे: सकाळचा साखरेसारखा, दुपारचा मिठासारखा, संध्याकाळी मोटारींनी तुडवून राखेसारखा झालेला. टपाल यायचे ते नवऱ्याच्या, मिलिंदच्या नावाने. अशा दिवसांत मंडळाच्या एका काकूंचा फोन आला. "रुस्तमकाकांना कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणारं हवंय गं. तुझा आवाज चांगला आहे, आणि तुला वेळही आहे." दुसरे कारण मला टोचले, पण मी गेले.

"नाव?" त्यांनी विचारले.

"मृदुला."

"वडिलांचं?"

मी नवऱ्याचे सांगू लागले. इथल्या प्रत्येक अर्जात मधल्या रकान्यात तेच लिहायची सवय झाली होती.

"मिलिंद तुझा बाप आहे?" ते खेकसले. "वडिलांचं विचारतोय मी."

"वसंत."

"मग मृदुला वसंत. ये. पाय पूस, हात धू. हात नीट धू. तळघरात सगळं हातानं चालतं."

त्या तळघराचा वास मी अजून ओळखीन. यंत्राचे तेल, गोंद, देवदाराचा भुसा आणि वरून झिरपत येणारा फुदिना-गवती चहाचा दरवळ. घर तापवणारी भट्टी मध्येच हुंकार देऊन सुरू होई आणि तिच्या उबेने सगळे वास एकदम जागे होत. एका भिंतीवर आठ फूट लांबीची प्लायवूडची फळी होती आणि तिच्यावर माणसे चिकटवली होती. अक्षरे नव्हती, चित्रे नव्हती; होते ते स्पर्श. "लाव हात," ते म्हणाले. "डावीकडून. सातशे वर्षं आहेत, घाई करू नको."

डावीकडे पहिला होता एक मोठा, थंडगार खिळा. हा वंशाचा मूळपुरुष बाव. त्याच्यापासून रेघ निघे ती सुतळीची. शरविन नावाचे राजे बुचाच्या लाकडाचे होते, कारिन नावाचे चामड्याचे. अर्दशिर धातूचे: एक पितळेचा, एक तांब्याचा. शहरियार पाच होते आणि पाचही कापडाचे: खादी, कॉर्डरॉय, गाद्यांचा जाड ड्रिल, लोकर, मखमल. आणि रुस्तम, तेही पाच, पॉलिश कागदाचे. पहिला चाळीस नंबरचा, बोटाची साल काढणारा. पुढचा ऐंशीचा, मग त्याहून बारीक. शेवटचा इतका मऊ की त्याला खरखरीत म्हणायचे की रेशमी, हे बोटांना ठरवता येऊ नये. "पस्तीस वर्षं याच नंबरांनी घासत होतो," सेनापती म्हणाले. "डोळे गेले तरी नंबर चुकणार नाही."

हे राजे इराणच्या उत्तरेला, कास्पियन समुद्राच्या दक्षिण काठावरच्या डोंगरांत राहत. खाली मैदानात मोठमोठी साम्राज्ये आली आणि गेली. भाषेची लिपी बदलली, पुढे या राजांचा धर्मही बदलला. पण पाळण्यात नावे मात्र जुन्या वीरांचीच राहिली. ज्या नावांच्या गोष्टी आज्या सांगत, तीच नावे नाण्यांवर येत. सेनापतींना याचे अपार कौतुक होते. "जिंकणाऱ्यांनी खंडणी घेतली, किल्ले घेतले. नावं घ्यायची विसरले बेटे!" असे म्हणून ते मांडीवर थाप मारीत, जणू तो घोटाळा त्यांनी स्वतःच घडवून आणला होता.

आपण त्या राजांचे वंशज आहोत असा दावा त्यांनी कधी केला नाही. कोणी गमतीने "महाराज" म्हटले तर ते म्हणत, "आम्ही कसले राजे? आम्ही जिनातले. पण नावं त्यांच्याच दुकानातून आणली." आणि ते खरे होते. मोठ्या फळीखाली एक हातभर लांबीची दुसरी फळी होती. तिच्यावर वरून खाली पाच तुकडे: पॉलिश कागद, मखमल, पॉलिश कागद, मखमल, पॉलिश कागद. रुस्तम, शहरियार, रुस्तम, शहरियार, रुस्तम. पाच माणसे आणि दोन नावे. नातवाला आजोबांचे नाव, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. शेवटचा रुस्तम ते स्वतः. त्याच्याखाली कोरे लाकूड होते. शिरीन तिथे नव्हती.

"काका, मोठ्या फळीवरही एकसुद्धा बाई नाही," मी एकदा म्हटले.

"लिहिणाऱ्यांनी लिहिल्या नाहीत."

"आणि लहान फळीवर? ती तर तुम्ही लिहिलीत."

त्यावर ते चहा गाळायला उठले. सेनापतींना उत्तर सुचले नाही की चहा नेहमी तयार झालेला असे.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला मी जाई. वाचनालयातून लांबलांबच्या विद्यापीठांतली पुस्तके आणि लेखांच्या प्रती येत. मी त्या मोठ्याने वाची, मध्येच मराठीत अर्थ सांगे, आणि सेनापती डोळे मिटून, उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर नाचवीत ऐकत. ऐकताना ते भांडतही. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राजाला म्हणत, "अरे, भावाला कशाला डोळे झाकून किल्ला दिलास? थांब, आता बघ काय होतं." अशी तीन वर्षे गेली. मी गाडी चालवायला शिकले, बर्फाला भ्यायचे सोडले, आणि माझ्या आवाजाला एक जागा मिळाली. घरी मिलिंद म्हणे, "तू आता आमच्या ऑफिसातल्या लोकांना पण वडिलांचं नाव विचारतेस यार!"

आणि मग शिरीनला दिवस गेले. मुलगा आहे, हेही तिथल्या डॉक्टरांनी सांगून टाकले. त्या शुक्रवारी सेनापतींनी मला वाचू दिले नाही. फोनचा स्पीकर लावून त्यांनी मुलीशी माझ्यादेखत वाटाघाटी आरंभल्या. ते मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तरे देई, आणि दोघांनाही यात काही वावगे वाटत नसे.

"शहरियार," ते म्हणाले. "ठरलं."

"डॅड, कोणी ठरवलं?" सुरुवातीला मात्र ती मराठीत बोलली.

"दीडशे वर्षांनी ठरवलं. रुस्तमनंतर शहरियार."

"तुमच्यानंतर मी आहे."

"तू आहेसच. पण नाव—"

"डॅड, माय बेबी इज नॉट अ कॉइन."

"नाणं असता तर भांडण नव्हतं. नाण्यावर नाव आपोआप येतं."

फोन बंद झाल्यावर ते मला मोठ्या फळीपाशी घेऊन गेले आणि माझे बोट धरून त्यांनी एका जागी टेकवले. सातशे वर्षांच्या जवळजवळ मध्यावर. आधी बूच, म्हणजे शरविन. मग ऐंशी नंबरचा रुस्तम. मग थेट त्याला लागून कापड. "हा बघ," ते म्हणाले, "रुस्तमचा मुलगा शहरियार. सगळ्या फळीवर हे एकदाच आलंय, पण आलंय! हजार वर्षांपूर्वी. आमच्या घरची साखळी तिथंही आहे. मी ही फळी घेऊन चँडलरला जाणार. शिरीन इंजिनियर आहे. पुरावा दाखवला की ऐकते. इथं बोट लाव म्हणणार. हजार वर्षं लोकांनी हे मोडलं नाही, तू कशाला मोडतेस?"

त्यांचा चेहरा उजळला होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळले की ही फळी त्यांनी इतिहासासाठी केलेली नव्हती. रुस्तम नावाचा एक माणूस आपण शेवटचे ठरू नये म्हणून पुरावा गोळा करीत होता.

विमानाचे तिकीट काढले. जाण्याआधी तो मधला काळ एकदा पक्का करावा म्हणून त्यांनी त्या डोंगरातल्या नाण्यांवरचा एक जुना लेख मागवला होता. तो गुरुवारी दुपारी आला. अवघड नावे अडू नयेत म्हणून मी घरी आधी वाचून ठेवीत असे. स्वयंपाकघराच्या टेबलावर, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी मी तो उलगडला आणि चौथ्या पानावर थांबले. तिथे तो शहरियार होता. पण रुस्तमचा मुलगा नव्हता. त्याच्या बापाचे नाव दारा. आणि हा दारा कोणाचा, त्या रुस्तमचा की आणखी कोणाचा, याविषयी अभ्यासकांत दुमत होते.

सेनापतींनी वीस वर्षांपूर्वी ते दोन तुकडे एकमेकांशेजारी चिकटवले तेव्हा त्यांच्यापुढे कुठलाच आधार नसणार. होता तो घरचा रिवाज. शहरियारचा बाप रुस्तमच असणार, हे त्यांना कोणी सांगायची गरजच नव्हती. त्यांच्या घरात दुसरे कधी घडलेच नव्हते. दुसऱ्या कुठल्या घरातल्या अभ्यासकाने ही चूक केली नसती.

मिलिंद घरी आल्यावर मी त्याला सांगितले.

"मग एक ओळ गाळ ना," तो म्हणाला. "त्यांना दिसत नाही, तुलाच दिसतंय. कोणाला कळणार आहे? म्हातारा खूश."

"आणि शिरीन?"

"ती कुठे लेख वाचणार आहे?"

तो वाईट बोलत नव्हता. त्याला सेनापती आवडत. मीही तासभर तोच विचार केला होता. एक ओळ. माझ्या आवाजाने नुसती उडी मारायची होती. पण तीन वर्षे त्या माणसाने आपली नजर माझ्या गळ्यात ठेवली होती, आणि ती जागा मला फार प्रिय झाली होती. तिथे एकदा खोटे बसले असते तर मला स्वतःचाच आवाज परका वाटला असता.

शुक्रवारी मी चौथे पान इतर पानांसारखेच वाचले. आवाज हळू केला नाही, की मऊही केला नाही.

त्यांची गुडघ्यावरची बोटे थांबली. "पुन्हा वाच."

मी वाचले.

"पुन्हा."

मी तिसऱ्यांदा वाचले. भट्टी हुंकारली, वास जागे झाले, विझले. "छापण्यात चूक असेल," ते म्हणाले. मी म्हटले, तळटीपेत नाण्यावरचा मजकूरही दिलाय. "मग वाचणाऱ्याची असेल." मी लेखाची पाने जुळवून ठेवली. "आज पुरे," ते म्हणाले, आणि मला जिन्यापर्यंत पोचवायला उठले नाहीत. असे कधी झाले नव्हते.

मंगळवारी न बोलावता जायचा मला धीर झाला नाही, आणि त्यांचा फोन आला नाही. मी दहा वाजता कोट घालून बसले आणि अकरा वाजता काढून ठेवला. चँडलरच्या विमानाला आठवडा राहिला होता. आपण एका म्हाताऱ्याच्या हातातला एकुलता एक पुरावा काढून घेतला, आणि तोही कशासाठी, तर स्वतःच्या आवाजाच्या स्वच्छपणासाठी, असे मला वाटू लागले.

शुक्रवारी साडेनऊलाच फोन वाजला. "मृदुला वसंत, काहून येत नाहीस? माणूस रागावला म्हणून काय कामावर यायचं नाही?"

गेले तेव्हा ते तळघरात फळीपुढे स्टुलावर बसले होते. उजव्या हाताची दोन नखे तुटली होती. रुस्तमला लागून असलेला कापडाचा तुकडा त्यांनी उपटून काढला होता आणि आतले लाकूड खरवडून गोंद साफ केला होता.

"वीस वर्षं मी माझ्या घरचा रिवाज दुसऱ्याच्या घरात घुसवला," ते म्हणाले. आवाजात रडगाणे नव्हते. कारखान्यात एखादा साचा बाद करताना ते असेच बोलत असतील. "कोण हा दारा, मला माहीतसुद्धा नव्हता. बिचारा आठशे मैलांवरून बघत असेल, की माझा मुलगा हा माणूस भलत्याच्या मांडीवर देतोय!"

"आठशे मैल?"

"स्वर्ग किती लांब आहे ते तुला ठाऊक असेल तर सांग, दुरुस्त करतो."

आम्ही दोघांनी मिळून दारासाठी तुकडा शोधला. तो नवा माणूस. त्याला कोणाचाच पोत देता येत नव्हता. शेवटी जुन्या बुटाचा रबरी तळवा कापून आम्ही त्याचा दारा केला, आणि त्याच्या शेजारी शहरियारला पुन्हा बसवले. रुस्तम आणि दारा यांच्यामध्ये दोन बोटे जागा उरली. मी विचारले, इथे काय लावायचे?

"काही नाही. इथं बोट लागलं की कळलं पाहिजे, आपल्याला माहीत नाही. माहीत नाही तेही हाताला लागायला हवं."

मग त्यांनी शिरीनला फोन लावला. मी वर जाऊ लागले तर म्हणाले, "बस. तूच आणलंस हे." फोन उचलल्यावर त्यांनी प्रस्तावना केली नाही. "शिरीन, माझा पुरावा खोटा निघाला. नाव तुझं तू ठेव."

"डॅड, तुमची तब्येत बरी आहे ना?" तिने विचारले. पुन्हा मराठीत.

"नखं तुटलीत. बाकी झकास. पण मी येणार. रिकाम्या हातानं येणार. चालेल?"

मुलगा झाला. सेनापतींनी तो पाहिला, मांडीवर घेतला, आणि परत आल्यावर मला पहिली हकिगत सांगितली ती नावाची. शिरीनने नाव ठेवले होते ओवेन. सांगताना ते इतके खुशीत होते की मला क्षणभर त्यांनी सोंग आणले आहे असे वाटले.

"मी विचारलं, काहून ओवेन? शिरीन म्हणाली, ग्रेगच्या आजोबांचं नाव. हा ग्रेग म्हणजे माझा जावई, मुकाट माणूस. म्हटलं, आजोबांच्या वडिलांचं? तो म्हणाला, टॉमस. त्यांच्या वडिलांचं? म्हणाला, ओवेन. त्यांच्या? टॉमस! कोळशाच्या खाणीतली माणसं. वेल्समधून आलेली. मृदुला, पस्तीस वर्षं मी मराठी लोकांचे वडे खाल्ले आणि सहावी पिढी सांगणारा पहिला माणूस निघाला तो माझा जावई! बारा वर्षं घरात येतो, मी कधी त्याला विचारलंच नव्हतं. म्हटलं, त्याला काय आजोबा असणार!"

"म्हणजे साखळी आहे," मी म्हटले.

"आहे ना! फक्त दुसऱ्या घरची. आता वाचनालयात फोन कर. वेल्सच्या राजांवर जे असेल ते मागव. मला विमानात शेजारच्या बाईनं सांगितलं, ओवेन नावाचे राजे तिकडेही एकामागून एक झालेत. बघू कोण कोणाचा."

त्यानंतरचे आमचे दीड वर्ष वेल्सच्या डोंगरांत गेले. जीभ दुखेल अशी नावे मी वाची आणि ते गुडघ्यावर बोटे नाचवीत नव्या राजांशी नव्याने भांडत. डोळ्यांच्या कडाही तोवर विझत आल्या होत्या. शेवटी शिरीन त्यांना न्यायला आली. तळघरातले सामान बांधताना तिने लहान फळी हातात घेतली आणि शेवटच्या रुस्तमखालच्या कोऱ्या लाकडावर अंगठा फिरवला. सेनापतींना दिसले नाही. पण ते ऐकत होते.

"तिथं तुझी जागा आहे," ते म्हणाले. "उशीर केला मी. तुझा पोत तू निवड. खोक्यात सगळं आहे."

तिने खोक्यात हात घातला. रेशीम होते, लोकर होती, मेंढीचे मऊ कातडे होते. तिने चाळीस नंबरचा, सगळ्यांत खरखरीत पॉलिश कागद काढला आणि बापाच्या तळहातावर ठेवला. "फोर्टी," ती म्हणाली. "यू नो व्हाय."

"माहीत आहे," सेनापती म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना खोकला आला. ओवेनसाठी त्यांनी स्वतः तुकडा निवडला: मोटारीच्या काचा पुसायचे पिवळे चामडे, पाण्यात भिजवले की जिवंत होणारे. माझ्या दोन जुन्या सुती साड्यांत आम्ही दोन्ही फळ्या गुंडाळल्या. निरोपाच्या वेळी ते माझ्या चेहऱ्याकडे सरळ बघून म्हणाले, "नाव?" मी म्हटले, "मृदुला वसंत." "आणि आईचं?" ते म्हणाले. मी सांगितले: कुसुम. "आजीचं?" मी ते सांगितले, आणि पणजीपाशी अडले. त्यांनी दंड घेतला नाही. "शोधून ठेव," एवढेच म्हणाले.

पुढे मला कामाची परवानगी मिळाली. आता मी अंधांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते, आणि एखादी ओळ अवघड असली, ऐकणाऱ्याला दुखावणारी असली, तरी ती त्याच वेगाने वाचते. पणजीचे नाव मी पत्रे लिहून लिहून शोधले: सगुणा. ते मी त्यांना फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हं. आता तिच्या आईचं."

२००८च्या वसंतात, चँडलरमध्ये, सकाळच्या चहानंतर खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. मला शिरीनने कळवले. ती रडत नव्हती, मीही रडले नाही. आम्ही दोघी त्यांच्याच गोष्टी एकमेकींना सांगत राहिलो. पण मला आठवतो तो त्याच्या महिनाभर आधीचा फोन. आम्ही बोलत होतो आणि मागून शिरीनची किंकाळी ऐकू आली. अडीच-तीन वर्षांच्या ओवेनने लहान फळीवरची मखमल उपटून तोंडात घातली होती.

"कोणाची?" सेनापतींनी विचारले.

"तुमच्या डॅडची! शहरियारची! डॅड, आय अॅम सो सॉरी—"

"गिळली?"

"नाही, चघळली."

"मग काय झालं? मंगोल आले तेव्हा यापेक्षा वाईट हालत होती. ते राजेही परत उभे राहिले. गोंद आण, आणि तुकडा त्याच्याच हातात दे. कुठं लावायचा ते त्याला कळलं पाहिजे."

फोन तसाच टेबलावर राहिला. मला लाकडावर थापट्या मारणारा एक छोटा, ओला पंजा ऐकू येत होता, आणि त्याला वाट दाखवणारे सेनापती: "वर, बेटा. अजून वर. तिथं नाही, तो मी आहे."